पुलावरचा केशरी देव

इंद्रायणीबाईंना देव तयार करायचा नव्हता. त्यांना फक्त एक खूण करायची होती, आणि शाळेत जानेवारीत कंपाउंडच्या भिंतीवर तिरंगा रंगवून उरलेला केशरी रंगाचा डबा कपाटात वाळत पडला होता, एवढंच.

झालं असं, की जनगणनेची ड्यूटी लागली. प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते आणि पर्यवेक्षक देवदत्त सर घसा खरवडून सांगत होते, "मॅडम लोक, सगळा देश एकदम मोजता येत नाही. त्याचे तुकडे पाडावे लागतात. प्रत्येकाला एक तुकडा, त्याला म्हणायचं गट. तुमच्या गटाची हद्द जिथे संपते तिथेच शेजारच्याची सुरू झाली पाहिजे. मध्ये फट नको. फटीत एक जरी घर गेलं तरी ते या देशात नाही असं होईल!" हे शेवटचं वाक्य सरांनी असं काही म्हटलं, की मागच्या बाकावर डुलक्या घेणारेही जागे झाले.

बाईंना ते वाक्य लागलं. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या, चौथीच्या वर्गाला नकाशा शिकवताना स्वतःच रंगून जाणाऱ्या बाई. त्यांना मिळालेला गट होता अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या पुढे, चिंचमळा नावाची वस्ती. नकाशावर हद्द लिहिली होती: पूर्वेस ओढा. मोजणी सुरू व्हायच्या आधी गट पायाखाली घालून या, असा हुकूम होता. म्हणून मे महिन्याच्या उन्हात बाई स्कूटीवरून गेल्या. वस्ती ओलांडून ओढ्यापर्यंत चालल्या, ओढ्यावरच्या नळीच्या पुलापाशी थांबल्या, आणि पुलाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या काळ्या दगडावर ब्रशने एक गोल ठिपका दिला. चांगला तळहाताएवढा. इथे आपला गट संपला, हे उद्या घाईत विसरायला नको.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते बाईंच्या बाबतीत तंतोतंत खरं ठरलं. फरक एवढाच, की त्या गणपतीसुद्धा करायला गेल्या नव्हत्या.

दोन दिवसांनी बाई घरं-वाटा दाखवणारा नजरी नकाशा काढायला परत आल्या तर त्या दगडाला झेंडूची माळ. खाली उदबत्ती, पुढ्यात फुटका नारळ, आणि बाजूला धुतलेलं धोतर नेसून बसलेला सयाजी. हा सयाजी एमआयडीसीत टॉवेलच्या लूमवर कामाला होता आणि पुलाला लागून असलेलं पहिलं घर त्याचं. बाईंना बघून तो उठून उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

"बाई, तुमी लई पुण्याचं काम केलं."

"मी? काय केलं मी?"

"शीव पुडं आणली की! सरकारनं चिंचमळ्याची शीव आमच्या दारापतोर आणली. आमी कालच नारळ दिला."

सयाजीची बायको मायाक्का आतून प्रसादाची वाटी घेऊन धावत आली. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. आनंद झाला की तिची जीभ आपोआप कानडीकडे वळायची. "बर्री बाई, बर्री! या, आदी प्रसाद घ्या."

बाईंना हसू आवरेना. खोबऱ्याचा तुकडा तोंडात, डोळ्यांत पाणी, आणि समोर स्वतःच्या हातानं रंगवलेला देव. खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटलं. वीस-बावीस वर्षं खडू झिजवून कुणी असे हात जोडले नव्हते.

हे हसू वस्तीत रावजींच्या अंगणात पाय टाकेपर्यंतच टिकलं.

रावजी चिंचमळ्याचे वडीलधारे. जुन्या वस्तीच्या पूर्वेच्या कडेला, लिंबाखाली, शेंदूर लावलेला शिवेचा दगड होता, आणि त्याचा मान रावजींच्या घराचा. चिंचमळ्यात लग्न असलं की वऱ्हाड त्या दगडापाशी थांबणार. रावजी नारळ फोडणार, नवरदेवाच्या पायावर पाणी घालणार, आणि मगच वऱ्हाड वाजतगाजत आत येणार. ब्राह्मण त्याला सीमांतपूजन म्हणतात, वस्तीत नुसतं 'शिवेवर घेणं' म्हणतात. ज्याला शिवेवर घेतलं तो आपला झाला. रावजींच्या आजोबांनी घेतलं, वडिलांनी घेतलं, आणि आता त्यांच्या नातीचं, उत्कर्षाचं, लग्न चार दिवसांवर आलं होतं. नवरदेव सिद्धनाथ अक्कलकोटचा. वऱ्हाड त्याच रस्त्यानं, त्याच ओढ्यावरून येणार.

आणि आता ओढ्यावर सयाजी नारळ घेऊन बसला होता.

"बाई, तुमी शिकल्यासवरलेल्या," रावजी म्हणाले. आवाज चढला नव्हता, हेच जास्त वाईट होतं. "एक ठिपका दिला आणि चार पिढ्यांचा मान पुसला. सयाजी म्हंतो शीव आता पुलाला हाय, वऱ्हाड मीच घेणार. पुलाकडची समदी मानसं त्याच्या मागं हायती. मी सांगून ठेवतो, माज्या नातीचं वऱ्हाड माज्या दगडाला घेतलं न्हाय, तर मी मांडवात पाय ठेवणार न्हाय."

"अहो रावजीबाबा, ती मोजणीची रेघ आहे. गावाच्या शिवेचा तिच्याशी काही संबंध नाही."

"मग शेंदूर कशाला लावला?"

शेंदूर नव्हे, ऑइल पेंट, असं म्हणायची बाईंना हिंमत झाली नाही.

उत्कर्षा त्यांना फाटकापर्यंत पोचवायला आली. चौथीत बाईंच्याच वर्गात होती ती. नकाशात सोलापूर शोधताना दर वेळी बोट विजापुरात ठेवायची. आता हाताला हळद लागायची वेळ आली तर डोळे सुजलेले. "बाई, पुढं धोंड्याचा महिना लागतोय," ती म्हणाली. "आता मोडलं तर सव्वा महिना लग्नच न्हाय. आणि आजोबा मांडवात नसतील तर मला हे लग्न करायचंच न्हाय. तुमी काय तरी करा की."

आजवर बाईंनी वर्गातली भांडणं मिटवली होती, खोडरबराची आणि डब्यातल्या लोणच्याची. इथे त्यांच्या एका ठिपक्यापायी एका मुलीचं लग्न अडलं होतं.

पहिला उपाय सरळ होता. बाई दुसऱ्या दिवशी रॉकेलची बाटली आणि चिंधी घेऊन पुलावर गेल्या. दगडापाशी वाकतात न वाकतात तोच पुलाकडच्या दहा-बारा बायका धावल्या. "अव्वा! देवाचा शेंदूर पुसतंय कोण?" एकीनं चिंधी ओढून घेतली, दुसरीनं बाटली. तिसरी म्हणाली, "उन्हानं बाईंना भोवळ आली जनू," आणि बाईंना सावलीत बसवून डोक्यावर ओला टॉवेल ठेवला. टॉवेल सयाजीच्याच लूमवरचा होता, नवाकोरा.

मग बाईंनी देवदत्त सरांना फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही दगडाला रंग लावलात?"

"हो सर. खूण म्हणून."

"केशरी?"

"उरला होता, सर."

"मॅडम, ओढा ही आपली हद्द आहे आणि ती हलणार नाही. दगड कुणीही उचलून नेतो, ओढा कोण नेणार? बाकी देवाधर्माचं तुमचं तुम्ही बघा. त्यात मला घेऊ नका." आणि सरांनी फोन ठेवून दिला. वरिष्ठ लोक असेच असतात. रेघ त्यांची, राडा आपला.

बाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन मायाक्काच्या ओट्यावर बसल्या. तिनं लोटाभर ताक दिलं. बाईंनी ते संपवलं आणि विचारलं, "मायाक्का, खरं सांग. तुमच्या घरात तर लग्नाची मुलगीही नाही. सयाजीला या नारळाचा एवढा हट्ट का?"

मायाक्कानं रिकामा लोटा बाजूला ठेवला.

"आमी हितं आलो तवा नवीनच लग्न झालतं आमचं," ती म्हणाली. "लूमवर काम मिळालं म्हणून आलो. हितं ओढ्याकडंला माळच होता नुसता, कुणाचं घर न्हवतं. मी हिरव्या साडीत, डोक्यावर ट्रंक. मनात म्हटलं, सासर न्हाय तर न्हाय, गाव तरी घेईल. लिंबाखाली बायका बसलेल्या. एक म्हातारी म्हनली, हे घर शिवेभायेरचं, ह्यांना घ्यायची रीत न्हाय. वाईट न्हाई बोलली ती, रीतच तशी. मग आमच्यामागं आनिक लोक आले, घरं वाढली. आमी दुकानाला आत जातो, दळणाला जातो. पन लग्नाचं वऱ्हाड आत गेलं की आमी बाया दगडाच्या अलीकडंच थांबतो. कुनी थांबा म्हनत न्हाय. पायच थांबतात."

सयाजी दारात उभा राहून ऐकत होता. "बाई, तुमी आलात आणि पुलापतोर सगळं एक म्हणून रंग लावला," तो म्हणाला. "मी त्या राती हिला म्हटलं, आता तू आत आलीस."

फट नको, असं सरांनी सांगितलं होतं. इथे तर लिंबापासून ओढ्यापर्यंत एक फट होती आणि तिच्यात माणसं चुली पेटवून राहत होती. सरकारच्या नकाशात नव्हे, रावजींच्या.

बाई उठल्या आणि थेट रावजींकडे गेल्या. या खेपेला त्यांनी समजूत घातली नाही. पिशवीतून नजरी नकाशा काढला आणि बाजेवर त्यांच्यापुढे पसरला. वाटा, विहीर, शाळा, पिठाची गिरणी, आणि प्रत्येक घरासाठी एक चौकोन. चौथीच्या बाईंनी काढलेला तो, त्यामुळे रंगवलेलाही होता.

"बाबा, ह्यात तुमचं घर शोधा बघू."

रावजी वाकले. विहिरीवरून बोट नेत त्यांनी आपलं घर शोधलं. मग भावाचं. मग थोडे खुलले आणि गिरणी दाखवली, मग चावडीचा पार.

"आता शिवेचा दगड दाखवा."

रावजींचं बोट सरळ कागदाच्या उजव्या कडेला गेलं. जन्मभर तो दगड कडेला होता, मग तो दुसरीकडे कुठे असणार? पण कडेला निळा ओढा होता. बोट मागे फिरलं. पुन्हा पुढे गेलं. शेवटी बाईंनी काढलेलं लिंबाचं हिरवं झाड सापडलं आणि खाली शेंदरी ठिपका. कागदाच्या मधोमध. त्याच्या एका अंगाला जेवढे चौकोन, जवळजवळ तेवढेच दुसऱ्या अंगाला.

"हितं कसा?" रावजी म्हणाले. "चुकलाय तुमचा नकाशा."

"पावलं टाकून काढलाय, बाबा. दगड जागचा हलला नाही. वस्ती पुढे गेली."

रावजी पुन्हा कागदावर वाकले. त्यांची बायको रंभाबाई शेंगा निवडत बसली होती, तिनं मान लांब करून कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्या अंगाची घरं कुणाची ओ?" जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. रावजी एकेका चौकोनावर बोट ठेवून नाव सांगत गेले, आणि बाईंच्या लक्षात आलं की म्हाताऱ्याला प्रत्येक घर नावानिशी माहीत आहे. हा सयाजी. हा गुरू, ज्यानं गेल्या पावसात विहिरीत पडलेली शेळी काढली. ही ती तेलुगू बाई, जिनं रंभाबाईला कावीळ झाली तेव्हा औषध आणलं. बोट पुलापाशी जाऊन थांबलं. मग रावजींनी नकाशाची घडी घातली, बाईंच्या हातात दिली आणि म्हणाले, "जावा आता. ऊन झालंय." यातून काय समजायचं ते बाईंना कळलं नाही, आणि त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

लग्नाच्या दिवशी बाई नवीन इरकल नेसून आल्या. लिंबाखाली रावजी फेटा बांधून उभे, मागे अख्खी जुनी वस्ती आणि हलगीवाले. पुलावर सयाजी नारळ घेऊन उभा, मागे अख्खी नवी वस्ती आणि त्यांचीही हलगी. दोन्हीकडे एकाच चालीवर, पण एकमेकांना गाडायच्या जिद्दीनं वाजत होतं. बाई मधल्या रस्त्यावर एकट्या. उत्कर्षा हिरव्या चुड्यात घराच्या गच्चीवरून बघत होती.

लांब, अक्कलकोटच्या बाजूला, टेम्पोचा धुरळा दिसला.

तेव्हा रावजी हलले. त्यांनी दगडाला हात लावून नमस्कार केला आणि ते रस्त्यानं पुढे निघाले. पुलाकडे. हलगीवाले गोंधळले, मग त्यांच्या मागून निघाले. मग बायका, मग पोरं. पुलाकडची हलगी थांबली. सयाजीनं नारळ छातीशी धरला. बाईंना वाटलं, झालं, आता जुंपणार.

रावजी पुलाच्या तोंडाशी आले. केशरी दगडाकडे त्यांनी नीट निरखून पाहिलं.

"सयाजी, रंग लई भडक हाय रं," ते म्हणाले.

"तिरंग्याचा हाय, बाबा," सयाजी पुटपुटला.

"असू दे. धाकटा हाय. धाकटं पोर भडकच असतंय." रावजींनी खिशातून हळदीची पुडी काढली आणि चिमूटभर हळद बाईंच्या ठिपक्यावर लावली. "आमचा थोरला तिकडं लिंबाखाली जन्मभर एकटा बसला. शिवेचा देव ना तो, गावाच्या भायेर. त्या दिवशी बाईंच्या कागदावर बघितलं तर तो गावाच्या मधी बसलेला. मानसं त्याच्या दोन्ही अंगाला ऱ्हायली आणि आमालाच दिसली न्हाईत." ते सयाजीकडे वळले. "जितवर आपली मानसं, तितवर शीव. फोड तू नारळ. हितं तू वऱ्हाड घे, आणि वाजत थोरल्यापाशी आण. तितं मी घेतो."

सयाजीनं आपटला तरी नारळ फुटेना. शेवटी दोघांनी मिळून आपटला तेव्हा पाणी रावजींच्या फेट्यावर उडालं, आणि दोन्हीकडच्या हलग्या एकदम अशा सुरू झाल्या की टेम्पोवाल्यानं घाबरून ब्रेकच लावला. वऱ्हाडातली माणसं उतरून एकमेकांना कानडीत विचारू लागली, हे काय, पुलावरच? नवरदेवाच्या पायावर सयाजीनं पाणी घातलं. पाहुणचार बघून नवरदेवाचा मामा खूश. पुढे लिंबाखाली आणखी एक पूजन आहे, आणखी एक नारळ, आणखी एक पेढा, हे कळल्यावर तो म्हणाला, "असल्या गावाला दर वर्षी पोरगा देऊ!"

सगळे वाजतगाजत निघाले. बाईही निघाल्या, हसत होत्या, आणि नव्या इरकलीच्या पदराला हळद कशी लागली ते त्यांना कळलं नव्हतं. लिंबाखाली मिरवणूक थांबली. रंभाबाई ताट घेऊन उभी होती: कुंकू, पाण्याचा तांब्या, आणि भाकरीचा तुकडा. नवी सून दारात आली की तिच्यावरून ओवाळून टाकतात, तो भाकरतुकडा.

बाईंना प्रश्न पडला, नवरदेवाला भाकरतुकडा कशाला?

रंभाबाईनं नवरदेवाकडे पाहिलंच नाही. ती गर्दीत कुणाला तरी शोधत होती. मायाक्का मागे होती. दगडाच्या अलीकडे, दोन पावलांवर, नेहमीच्या जागी थांबलेली. तिच्या मागे तिच्या आळीच्या बायका, त्याही थांबलेल्या. कुणी थांबा म्हटलं नव्हतं.

"सिद्धनाथराव, जरा दम धरा," रंभाबाई म्हणाली आणि नवरदेवाला बाजूला सारून सरळ तिच्यापुढे गेली. म्हातारीनं भाकरीचा तुकडा मायाक्काच्या डोक्यावरून उतरवला, डावीकडे टाकला, उजवीकडे टाकला, पाणी डोळ्यांना लावलं, कपाळाला कुंकू लावलं. हलग्या आपोआप मंद झाल्या.

"ये गं बाई," ती म्हणाली. "लई उशीर केलास यायला."

मायाक्काच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि तोंडभर हसू होतं. तिनं वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला आणि उठताना म्हणाली, "मी कवाच आले होते, आत्याबाई. तुमीच आज पोचला."

रंभाबाई खो खो हसली आणि तिनं तिचा हात धरला. दोघी दगड ओलांडून आत गेल्या, मागोमाग पुलाकडच्या सगळ्या बायका, आणि सगळ्यात शेवटी, तोंडात पेढा घेऊन, नवरदेव.